कास्टिंगवरचा हीट नंबर ते गिऱ्हाइकाचं चलन : माल लॉटनिहाय कसा सांभाळायचा

उद्यमबाग, मच्छे किंवा अनगोळच्या फाउंड्रीत तयार झालेलं एखादं कास्टिंग हातात घेऊन बघा. पार्ट नंबर आणि कारखान्याची खूण यांच्या शेजारी आणखी तीन-चार अक्षरं-आकडे उठून दिसतात. तो हीट नंबर. हे कास्टिंग कोणत्या दिवशीच्या, कितव्या वितळणीतल्या लोखंडाचं आहे, हे त्यावरून कळतं. पंप, व्हॉल्व्ह, गिअरबॉक्स, ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपन्या बेळगावातून माल घेतात तेव्हा या आकड्यांशिवायचा नग बऱ्याचदा गेटवरूनच परत पाठवतात.

हीट नंबर घालणं हे निम्मंच काम आहे. तो नंबर कोणत्या ऑर्डरीत, कोणत्या चलनावर, किती नग गेला, हे कुठेतरी लिहिलेलं असावं लागतं. ही दुसरी निम्मी बाजू आपल्याकडच्या लहान कारखान्यांत अनेकदा एखाद्या सुपरवायझरच्या डोक्यात असते. तो रजेवर गेला किंवा नोकरी सोडून गेला की नोंदही त्याच्याबरोबर जाते. म्हणून एखादा लॉट कसा ठरवायचा, कसा वेगळा ठेवायचा आणि गिऱ्हाइकाच्या ऑर्डरीशी कसा जोडायचा, हे फाउंड्रीचं उदाहरण घेऊन इथे दिलं आहे. काजू, औषधं, फरशी, सूत यांच्या धंद्यात शब्द बदलतील, रीत तीच राहते.

लॉट म्हणजे काय

ज्या मालात काही दोष निघाला तर तो सगळ्यात सारखाच असण्याची शक्यता आहे, असा एकत्र तयार झालेला किंवा एकत्र आलेला माल म्हणजे एक लॉट. औषधवाले त्याला बॅच म्हणतात, फाउंड्रीवाले हीट, फरशीवाले शेड.

पार्ट नंबर आणि लॉट नंबर यांत गल्लत होते, ती आधी दूर करायला हवी. काजूचं बघा. डब्ल्यू ३२० हा दर्जा आहे. एका पौंडात साधारण ३२० गर बसतात असा त्याचा अर्थ. चंदगड, खानापूर किंवा गोव्यातल्या कारखान्यातला डब्ल्यू ३२० चा एक डबा स्थानिक बियांचा असेल आणि त्याच्या शेजारचा आफ्रिकेतून आलेल्या बियांचा. दर्जा एक, लॉट दोन. ऑर्डरीत दर्जा लिहिलेला असतो. तक्रार येते तेव्हा मात्र लॉट विचारला जातो. गर मऊ पडले, आर्द्रता जास्त निघाली, तर 'आमचा डब्ल्यू ३२० चांगलाच असतो' या उत्तराला काही किंमत नसते.

तसं बघितलं तर मार्केट यार्डात लॉट जुनाच आहे. अडत्याच्या दुकानी प्रत्येक शेतकऱ्याचा माल वेगळा लागतो, वेगळा तोलला जातो, वेगळा विकला जातो आणि त्याची पट्टी वेगळी होते. पण तो हिशेब शेतकऱ्याला त्याच्या मालाचे पैसे बरोबर मिळावेत म्हणून. एकदा पट्टी झाली की खरेदीदार सगळी पोती एका ट्रकात घालतो आणि माग तिथेच संपतो. कारखान्याला याच्या पुढची वाट लागते: शेवटच्या गिऱ्हाइकाच्या हातातल्या नगापासून मागे, थेट कच्च्या मालापर्यंत.

लॉट किती मोठा धरावा

इथे फाउंड्रीतली एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. ग्रे आयर्न, म्हणजे एफजी २६० सारख्या ग्रेडचं लोखंड, एका भट्टीत एकदा वितळलं की त्या हीटमधलं सगळं धातूचं मिश्रण साधारण एकसारखं असतं. स्पेक्ट्रोमीटरवर नमुना तपासला की हीटचा निकाल कळतो. तिथे एक हीट म्हणजे एक लॉट हे चालतं.

एसजी आयर्नला ते पुरत नाही. त्यात वितळलेल्या लोखंडाला मॅग्नेशियमची प्रक्रिया द्यावी लागते, तेव्हा ग्रॅफाइट गोलाकार होतं आणि ताकद येते. ही प्रक्रिया बहुतेक ठिकाणी लॅडलमध्ये, लॅडलागणिक होते. शिवाय मॅग्नेशियमचा परिणाम मिनिटामिनिटाला कमी होत जातो. पहिल्या साच्यात ओतलेलं आणि उशिरा शेवटच्या साच्यात ओतलेलं लोखंड यांत फरक पडू शकतो. म्हणून एसजीमध्ये लॉट म्हणजे हीट नव्हे, लॅडल. जाणकार फाउंड्रीवाले प्रत्येक लॅडलच्या शेवटच्या साच्यातला नमुना मायक्रोस्कोपखाली बघतात. शेवटचा बरा तर आधीचे बरे. एका हीटमधून चार लॅडल निघत असतील आणि नंबर एकच घातला असेल, तर एका बिघडलेल्या लॅडलपायी चारही लॅडलचा माल अडकतो.

यावरून लॉटचा आकार ठरवायचा नियम मिळतो. जिथे दोष शिरण्याची नवी संधी निर्माण होते, तिथे नवा लॉट सुरू करायचा. नवी हीट, नवा लॅडल, बियांचा नवा ट्रक, रंगाची नवी कढई. दिवसाच्या सगळ्या मालाला एकच नंबर देणं सोपं असतं, पण अडचणीच्या वेळी ते महागात पडतं. उलट प्रत्येक नगाला वेगळा नंबर देणं बहुतेकांना परवडत नाही आणि त्याची गरजही नसते.

नंबर कसा लिहावा

लहान फाउंड्रीत चालणारी एक साधी पद्धत म्हणजे महिन्याचं अक्षर, तारीख आणि त्या दिवसातली कितवी हीट. 'एफ १२-३' म्हणजे जूनच्या बारा तारखेची तिसरी हीट, कारण इंग्रजी वर्णमालेतलं एफ सहावं. वर्षाचा एक आकडाही मागे-पुढे जोडावा. नाहीतर पुढच्या जूनला हाच नंबर परत येणार.

आपल्या भागात आणखी एक काळजी घ्यावी लागते. इथे लिहिणारा कामगार मराठी, कन्नड, हिंदी, उडिया कोणताही असतो. कास्टिंगवर उठणारे आकडे इंग्रजी असतात, पण वहीत जो तो आपापल्या सवयीने लिहितो. देवनागरी चार घाईत काढला की इंग्रजी आठ वाटतो. कन्नड एक गोल, शून्यासारखा दिसतो. त्यात इंग्रजी ओ आणि शून्य, आय आणि एक यांची भर. एका अक्षराने नंबर चुकला की नोंद असून नसल्यासारखी. तेव्हा ओ आणि आय ही अक्षरं कोडमधून वगळावीत आणि वहीतही कास्टिंगवर दिसतात तेच आकडे लिहावेत, एवढा नियम पहिल्या दिवशीच घालून द्यावा.

नंबर कुठे उठवावा यालाही महत्त्व आहे. मशिनिंगमध्ये जो पृष्ठभाग कापला जाणार आहे तिथे नंबर असला तर पहिल्याच ऑपरेशनला तो कचऱ्यात जातो. कच्च्याच राहणाऱ्या बाजूवर, फेटलिंगचं ग्राइंडर लागणार नाही अशा जागी तो हवा. तारेने बांधलेली पत्र्याची चकती शॉट ब्लास्टिंगमध्ये टिकत नाही, हे वेगळं सांगायला नको.

एका हीटची वाट

आता हिशेबाचं उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत.

भट्टी ५०० किलोची. एफ १२-३ या हीटमधून चार किलोचे ४० पंप ब्रॅकेट आणि सात किलोची २० गिअरबॉक्स कव्हर ओतली. म्हणजे ३०० किलो कास्टिंग, बाकी रनर-रायझर आणि इतर परतीचं लोखंड. ब्रॅकेट एका कंपनीचे, कव्हर दुसरीची. फेटलिंगनंतर ब्रॅकेटचे ३ आणि कव्हरचा १ नग रिजेक्ट झाला. हाती राहिले ३७ ब्रॅकेट आणि १९ कव्हर.

पंप कंपनीची ऑर्डर १०० ब्रॅकेटची आहे. गोदामात एफ १०-१ चे ४१, एफ १२-३ चे ३७ आणि एफ १४-२ चे ३८ नग आहेत, एकूण ११६. जुना माल आधी, या नियमाने ४१, ३७ आणि २२ असे शंभर नग गेले. एफ १४-२ चे १६ शिल्लक राहिले. पॅकिंग स्लिपवर या तीन ओळी हव्यात. 'ब्रॅकेट १०० नग' एवढीच एक ओळ लिहिली की आधीची सगळी मेहनत वाया. जीएसटीच्या बिलात हीट नंबर देणं सक्तीचं नाही, त्यामुळे अकाउंटंट तो लिहीत नाही आणि त्यात त्याची चूकही नाही. नंबर पॅकिंग स्लिपवर लिहावा आणि स्लिपवर बिलाचा क्रमांक टाकावा. दोन कागद एकमेकांना धरून राहतात.

महिन्याभराने पंप कंपनीतून फोन येतो: ब्रॅकेट कठीण लागतायत, ड्रिल मोडतायत. पातळ कडा लवकर थंड होऊन तिथे पांढरं, कडक लोखंड तयार झालं की असं होतं. इनॉक्युलंट कमी पडलं की हा दोष हमखास दिसतो. मोडलेल्या नगांवर एफ १२-३ दिसला, तर प्रश्न ३७ नगांचा आहे. बाकीचे ६३ नग लाइनवर चालू राहू शकतात. नंबर नसला किंवा स्लिपवर फोड नसली, तर कंपनी शंभरच्या शंभर बाजूला काढते, त्याआधीच्या खेपाही थांबवते, निवड करायला लावलेल्या माणसांची मजुरी आणि लाइन बंद राहिल्याचा भुर्दंड डेबिट नोटने वसूल करते. चार किलोच्या ब्रॅकेटवर मिळणारा नफा आणि ही डेबिट नोट, यांची तुलना ज्यांनी कधी केली आहे त्यांना लॉटची वही ठेवा म्हणून सांगावं लागत नाही.

पण खरा अवघड भाग पुढे आहे. त्याच हीटची १९ कव्हर दुसऱ्या कंपनीकडे गेलेली आहेत. तिथून तक्रार आलेली नाही. कव्हरची भिंत जाड असेल तर कदाचित काही निघणारही नाही. हे कव्हर एफ १२-३ चेच, हे कारखान्याच्या वहीवरूनच कळू शकतं. पंप कंपनीला ते ठाऊक नाही आणि गिअरबॉक्स कंपनीलाही नाही. मागे ठेवलेला नमुना तपासून, शंका असेल तर आपणहून फोन करणं हा मालकाचा निर्णय. तो निर्णय घेण्याची संधी तरी मिळावी, यासाठी नोंद दोन्ही दिशांनी वाचता यायला हवी. गिऱ्हाइकाकडून लॉटकडे, आणि लॉटकडून त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे. आपल्याकडच्या बऱ्याच वह्या पहिल्या दिशेने कशाबशा चालतात. दुसऱ्या दिशेने पानं उलटत संध्याकाळ होते.

माल मिसळतो कुठे

भट्टीवर सहसा मिसळत नाही. मिसळतो तो मधल्या टप्प्यांत. फेटलिंगच्या ढिगात, शॉट ब्लास्टिंगच्या ड्रममध्ये, आणि सर्वांत जास्त जॉबवर्कला. कच्चं कास्टिंग मशिन शॉपला जातं, तिथे जागा कमी असते, दोन हीटचे नग एका बिनमध्ये पडतात, आणि परत येताना 'ब्रॅकेट ७८ नग' असं एक चलन येतं. जॉबवर्कचं चलन जीएसटीत तसंही करावंच लागतं आणि कच्चा माल वर्षाच्या आत परत आल्याचा हिशेबही ठेवावा लागतो. त्याच चलनावर हीटनिहाय ओळी पाडायला एक पैसा जास्त लागत नाही. मशिन शॉपवाल्यालाही एक बिन, एक हीट असं सांगून ठेवायचं. त्याच्याकडे जास्तीच्या बिन नसतील तर आपण द्यायच्या.

परत आलेला माल हे मिसळण्याचं दुसरं ठिकाण. गिऱ्हाइकाने नाकारलेले नग दुरुस्त करून आजच्या मालात सोडून देण्याचा मोह होतो. ते आपल्या मूळ नंबरानेच राहिले पाहिजेत आणि वेगळ्या, शक्यतो कुलूप असलेल्या जागी. लाल रंगाचा एक पट्टा ओढला तरी गोदामातल्या माणसाला कळतं.

लॉट फोडायला हरकत नसते. अर्धा माल बेळगावच्या गोदामात, अर्धा कोल्हापूरला, दोन्हीवर तोच नंबर. दोन लॉट एकत्र करणं मात्र टाळावं. काजू किंवा मसाल्याच्या धंद्यात ते टाळता येत नाही, कारण चव आणि रंग सारखा यावा म्हणून माल मुद्दाम मिसळतात. तिथे मिश्रणाला नवा लॉट नंबर द्यायचा आणि त्यात कोणत्या जुन्या लॉटचा किती किलो माल आहे ते लिहून ठेवायचं. घराण्याच्या वंशावळीसारखं आहे हे, आई-बापाचं नाव सुटता कामा नये.

दर महिन्याला एक मेळ घालावा: लॉटमध्ये तयार झालेले नग एका बाजूला, पाठवलेले, रिजेक्ट झालेले, जॉबवर्कला असलेले आणि शिल्लक असे चार आकडे दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर कुठेतरी नंबर बदलला आहे. एका लॉटमध्ये पाच नग कमी आणि शेजारच्या लॉटमध्ये पाच जास्त दिसले, तर ते कुठे मिसळले हे शोधायला फार वेळ लागत नाही. मात्र हे महिन्याच्या महिन्याला केलं तरच. मार्चअखेरीला बसलं की आठवत कोणालाच नसतं.

कोणत्या ऑर्डरीला कोणता लॉट

जुना माल आधी पाठवणं हा सर्वसाधारण नियम. वाहनउद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या मानकातही साठ्याची अशी फिरती राखणारी पद्धत अपेक्षित आहे. कास्टिंगला मुदत नसते, पण गंज चढतो. जिथे मुदत छापलेली असते, म्हणजे औषधं, खाद्यपदार्थ, रंग, रेझिन, तिथे आधी आलेला नव्हे तर आधी मुदत संपणारा माल आधी काढायचा. हे दोन एकच नाहीत. कालच्या गाडीतून आलेल्या औषधाची मुदत गेल्या महिन्यात आलेल्या मालाच्याही आधी संपत असू शकते.

बी.कॉम. झालेल्यांसाठी इथे एक खुलासा. हिशेबाच्या मानकांत, म्हणजे एएस-२ मध्ये, साठ्याचं मूल्य फिफो किंवा भारित सरासरीने काढायची मुभा आहे; लिफोला नाही. पण तो पुस्तकातला फिफो झाला. रॅकवरचा फिफो वेगळा. वहीत भारित सरासरी चालू असूनही रॅकवरून जुना माल आधी जाऊ शकतो, आणि वहीत फिफो असून रॅकवर समोरचाच खोका आधी उचलला जाऊ शकतो. ऑडिटर पहिला बघतो, गिऱ्हाईक दुसरा.

पण वयाच्याही आधी गिऱ्हाइकाची अट येते. घराला फरशी घातलेल्या प्रत्येकाला हे माहीत असतं: खोक्यावरचा शेड नंबर वेगळा निघाला की हॉलच्या मधोमध रंगाची रेघ दिसते. समजा ४० खोक्यांची ऑर्डर आहे आणि दुकानात एका शेडचे २५, दुसऱ्याचे ३० आणि तिसऱ्याचे ५० खोके आहेत. जुना माल आधी म्हणून २५ अधिक १५ दिले तर फरशी परत येणार. तिथे ५० चा लॉटच उघडायचा, आणि २५ चा लॉट बाथरूमच्या लहान कामासाठी राखून ठेवायचा. शहापूर-वडगावच्या विणकराला रंगाच्या कढईचं हेच गणित पाठ असतं. एका साडीत दोन कढयांचं सूत चालत नाही. व्हॉल्व्ह कंपन्यांची अट आणखी निराळी. त्यांना अनेकदा ईएन १०२०४ प्रमाणे ३.१ प्रकारचं टेस्ट सर्टिफिकेट लागतं, ज्यावर त्याच हीटचे रासायनिक आणि ताकदीचे निकाल हवेत. सर्टिफिकेट तयार नसलेला लॉट अशा ऑर्डरीला लावताच येत नाही, तो कितीही जुना असो. जुन्या हीटचे निकाल नव्या तारखेने छापून देण्याचे प्रकार या धंद्यात ऐकू येतात. ते उघडकीला यायला एक नग कापून तपासणं पुरतं.

म्हणून क्रम असा पडतो: आधी अट पूर्ण करणारे लॉट वेगळे काढायचे, तपासणीचा निकाल यायचा बाकी असलेले बाजूला ठेवायचे, उरलेल्यांतला जुना किंवा लवकर मुदत संपणारा उचलायचा. उचलला की तो त्या ऑर्डरीच्या नावावर लगेच लिहायचा. नाहीतर तेच ३७ नग सकाळी एका ऑर्डरीला आणि दुपारी दुसऱ्या ऑर्डरीला दिले गेले असतात, आणि संध्याकाळी टेम्पो दारात उभा राहिल्यावर वाद सुरू होतो.

कायद्याने कुठे सक्ती

खाद्यपदार्थाच्या पाकिटावर लॉट किंवा बॅच नंबर छापणं बंधनकारक आहे. दोष निघाल्यास माल बाजारातून परत बोलावण्याची पद्धत २०१७ च्या अन्नसुरक्षा नियमांत ठरवून दिलेली आहे. घरगुती चटणी-पापडाचा धंदा वाढवून लेबल लावणाऱ्या बचत गटांनी याकडे लक्ष द्यावं. औषधांच्या बिलावर बॅच नंबर लागतोच. १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० औषध ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोडही आला, ज्यात बॅच नंबर, उत्पादनाची तारीख आणि मुदत असते. कास्टिंगला असा सरकारी नियम नाही. तिथे गिऱ्हाइकाच्या खरेदी ऑर्डरीवरच्या अटी हाच नियम.

वही, एक्सेल की टॅली

तीनही चालतात. वहीत दोन भाग करावेत. पहिल्यात लॉटनिहाय पान: कच्चा माल कोणाचा, तपासणीचा निकाल, किती नग, कोणत्या चलनाने कोणाकडे. दुसऱ्यात चलननिहाय ओळी. एकच नोंद दोनदा लिहावी लागते म्हणून लोक कंटाळतात आणि इथे एक्सेल कामाला येतं. एका तक्त्यात लिहून हीटवर किंवा गिऱ्हाइकावर फिल्टर लावला की दोन्ही दिशा मिळतात. टॅलीत बॅचनिहाय साठ्याची सोय आहे, पण ती सेटिंगमध्ये आणि त्या त्या वस्तूला चालू करावी लागते. आधीच पैसे देऊन घेतलेलं हे साधन कित्येक कारखान्यांत नुसतं बिलं काढायला वापरलं जातं.

ही व्यवस्था चालते का, हे तक्रार यायच्या आधी बघता येतं. पाच-सहा महिन्यांपूर्वीचं एखादं चलन काढा. त्यातल्या एका ओळीवरून लॉट शोधा, लॉटवरून तपासणीचा कागद आणि कच्च्या मालाचं बिल. मग उलटं, त्या लॉटचा उरलेला माल कोणाकोणाकडे किती गेला आणि आज गोदामात किती आहे ते. घड्याळ लावून बसा, आणि हे काम रोज नोंद करणाऱ्या माणसाला न देता दुसऱ्या कोणाला तरी द्या.